गच्चीवरची ड्युटी

माझे बाबा निवृत्त झाले, पण त्यांची ड्युटी संपली नाही. अख्खी नोकरी त्यांनी समुद्रातल्या तेलाच्या प्लॅटफॉर्मवर केली. तिथला नियम असा की दोन आठवडे समुद्रात राबायचं आणि दोन आठवडे घरी लोळायचं. निवृत्तीनंतर समुद्र सुटला, नियम काही सुटला नाही. मोशीच्या आमच्या घरात ते आजही दोन आठवडे ‘ऑन’ असतात. तेव्हा सकाळी उठून पाणी भरतात, भाजी निवडतात, कुकरच्या शिट्ट्यांवर पहारा देतात आणि आईला ओट्याजवळ फिरकू देत नाहीत. पुढचे दोन आठवडे ‘ऑफ’. मग पायाशी पडलेलं वर्तमानपत्रसुद्धा कुणीतरी उचलून हातात द्यावं लागतं.

ऑन असतानाचा त्यांचा सगळ्यात कडक दंडक म्हणजे रिलीव्हर. प्लॅटफॉर्मवर तुमच्या जागी येणारा माणूस हेलिकॉप्टरमधून उतरून समोर उभा राहत नाही, तोवर जागा सोडायची नाही; मग घरी लग्न असो की मयत. घरात त्यांची रिलीव्हर म्हणजे आई. गॅसवर दूध असताना दारावरची बेल वाजली तर बाबा तिकडे बघतही नाहीत. “रिलीव्हर आला की उघडतो,” म्हणतात. एकदा आई भिशीला गेली होती आणि कुरिअरवाला बेल वाजवून वाजवून परत गेला. पार्सल माझं होतं. दूध मात्र उतू गेलं नाही, हे मला संध्याकाळी अभिमानाने सांगण्यात आलं.

मी चाकणच्या एका कारखान्यात आहे. तिथे पवनचक्क्यांच्या गिअरबॉक्सचे भाग बनतात आणि ते मोजून, तपासून पास-नापास करायचं काम माझ्याकडे आहे. म्हणजे बाप तेलाचा आणि लेक वाऱ्याची. रोज कुरुळीच्या पुढे कंटेनरच्या रांगेत स्कूटर घालून मी जगाला धुरापासून वाचवायला जाते. ती स्कूटर पेट्रोलची आहे, हे बाबांनी कधीच विसरू दिलं नाही. “इंजिनियरबाई, टाकी भरली का?” असं ते मुद्दाम शेजाऱ्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात विचारतात.

आमचा वाद रविवारी पोह्यांच्या बशीवर सुरू व्हायचा. समुद्रात तेलाची नवी क्षेत्रं शोधायची, खोल पाण्यात विहिरी खणायच्या, अशी बातमी वर्तमानपत्रात आली की बाबा ती घडी घालून माझ्या बशीशेजारी ठेवायचे. मी उन्हाची नाहीतर वाऱ्याची बातमी मोबाइलवर काढून त्यांच्यासमोर धरायची. चष्मा नाही, या सबबीवर ते ती वाचायचे नाहीत.

“आपलं तेल आपल्याच समुद्राच्या पोटात पडून, आणि आपण दुसऱ्याच्या दारात डबा घेऊन उभे,” ते म्हणायचे. “याला शहाणपण म्हणतात काय?”

“आज खणायला घेतलं तर तेल हातात यायला वर्षं जातील. सूर्य उद्याच उगवतोय.”

“आणि रात्री?”

“बॅटरी.”

“पावसाळ्यात?”

“वारा.”

“वारा पडला तर?”

“तर तुमचा रिलीव्हर बोलावू.”

आई मधे पडायची नाही. ती मोशीचीच, जुन्या शेतकरी घरातली. आमचं घर तिच्या वडिलांनी तिला दिलेल्या तुकड्यावर उभं आहे. बाबा कोकणातले, समुद्राकाठचे. लग्न होऊन इंद्रायणीच्या काठी आले आणि सासऱ्याच्या ज्वारीत घर बांधून बसले. त्यावरून आई त्यांना जन्मभर चिमटे काढत आली आहे. आमच्या वादावर तिचा एकच शेरा असायचा. “दोगंबी खरं बोलताय, पोहे गार होतायत.”

एका रविवारी बाबांनी कहर केला. सकाळी मी उठले तर माझा दात घासायचा ब्रश गायब. कंगवा गायब, चपला गायब, बादली गायब. स्कूटरची किल्ली त्यांच्या खिशात. “आज तुझा तेलाविना दिवस,” त्यांनी जाहीर केलं. “समुद्रातल्या तेलापासून जे जे बनतं ते ते मी जमा केलंय. बघू कसा दिवस काढतेस ते.” मीही इरेला पेटले. राखुंडीने दात घासले, माळ्यावरचं पितळी घंगाळ काढून अंघोळ केली, अनवाणी कोपऱ्यापर्यंत जाऊन कापडी पिशवीतून कोथिंबीर आणली. जेवायला बसताना वाटलं, जिंकले. तेवढ्यात बाबा माझ्या चष्म्याच्या काचांकडे बघायला लागले. त्या प्लास्टिकच्या होत्या. पुढचा अर्धा दिवस मी आंधळ्या कोशिंबिरीतल्यासारखी घरात चाचपडत फिरले. शेवटी आईनेच त्यांच्या खिशातून चष्मा काढून माझ्या नाकावर ठेवला. “सूर्यावर चालनारा चश्मा आला की मग भांडा,” ती म्हणाली.

पुढच्या रविवारी मी घराचा मेन स्विच बंद केला आणि बाबांना म्हटलं, आता तुमच्या तेलावर पंखा चालवून दाखवा. उन्हाळा होता. बाबा पुठ्ठ्याने वारा घेत बसले आणि “माघार घेत नाही” म्हणत राहिले. एकंदरीत आमचं बरं चाललं होतं.

मग त्यांना तो फोन आला.

एका कंत्राटदाराचा माणूस होता. नव्या क्षेत्राचं काम सुरू होणार, नवीन पोरं भरती होणार, त्यांना शिकवायला जुने, मुरलेले लोक हवेत. किनाऱ्यावर थोडं, समुद्रात जास्त. तब्येतीची तपासणी पास झाली तर दसरा उरकून या. बाबा फोनवर फक्त “हां, हां” म्हणत होते, पण ते उभे राहून बोलत होते. फोन ठेवल्यावर त्यांनी माळ्यावरून त्यांची जुनी डांगरी काढली, तो प्लॅटफॉर्मवरचा नारिंगी अंगरखा-पायजमा एकत्र शिवलेला वेश. घालून बघितली. पोटावर बटण लागेना. त्या दिवसापासून त्यांनी भात सोडला.

खरं सांगायचं तर मला गंमतच वाटली. रविवारच्या वादाला आता धार येणार होती. तुम्ही म्हातारपणी नव्या विहिरी खणायला निघालात, बाबा, पुढच्या पिढ्या काय म्हणतील वगैरे मी सुरू केलं. त्यांनी एरवीसारखं परतवलं नाही. पोह्यांतले शेंगदाणे बाजूला काढत म्हणाले, “अगो, मी जे केलं त्यावर तुमचे दिवे लागले, तुझी फी भरली गेली. आता सगळे म्हणतात ते चूक होतं. असेलही. पण मला कामाला बोलावणारं अजून कुणीतरी आहे, एवढं मला बरं वाटतं.” मी विषय बदलला, हे आमच्या घरात पहिल्यांदाच घडलं.

आई काही बोलली नाही. ती कधीच बोलत नसे, आणि इथे एक गोष्ट सांगायला हवी. आमच्याकडे निघालेल्या माणसाला मागून हाक मारायची नाही. सगळीकडेच तशी रीत आहे, पण आईकडे तो कायदा आहे. निघणाऱ्याने “जातो” म्हणायचं नाही, “येतो” म्हणायचं. आणि तो उंबऱ्याबाहेर पडला की घराला आग लागली तरी मागून आवाज द्यायचा नाही. दिलाच, तर त्याने परत यायचं, बसायचं, पाणी प्यायचं आणि मग निघायचं. जो समुद्रावर जातो, हेलिकॉप्टरने उडतो, त्याच्या बाबतीत तर विचारूच नका. मी जन्मले तेव्हा बाबा समुद्रात होते. मला कावीळ झाली तेव्हा, आजोबा गेले तेव्हा, माझ्या दहावीच्या निकालाला, घराचा स्लॅब टाकला त्या दिवशी, बाबा समुद्रात होते. प्रत्येक खेपेला निघण्याआधी आई त्यांच्या हातावर दही घालायची आणि दारात उभी राहायची. “थांबा” हा शब्द तिने कधी काढला नाही. लहानपणी मला वाटायचं, हिला काही वाटतच नाही. बाबा फाटकाबाहेर पडले की ती ओट्याकडे वळायची आणि जरा जास्तच जोरात भांडी घासायची.

त्या फोननंतर भांड्यांचा आवाज रोज यायला लागला.

आणि मग एका सकाळी, मी डबा भरत असताना, ती सहज म्हणाली, “तुझ्या त्या पॅनेलवाल्यास्नी बोलाव. गच्चीवर बसवून टाक.”

मी दोन वर्षं गच्चीवर सोलर पॅनेल बसवा म्हणून डोकं फोडत होते. घर आईच्या नावावर, त्यामुळे निकाल तिच्याच हातात, आणि निकाल दर वेळी “बघू” असा. आता एकदम हो. मला वाटलं, पाण्याच्या थेंबाने दगड झिजला. कारखान्यात मी सगळ्यांना सांगितलं की माझ्या मुद्द्यांनी आईचं मन वळवलं. जेवणाच्या सुट्टीत एकीने विचारलं, नक्की कोणता मुद्दा पटला? मी छातीठोकपणे म्हटलं, पुढच्या पिढ्यांचा.

पॅनेल बसवायला दोघेजण आले. बाबा ऑफ होते, तरी खुर्ची घेऊन गच्चीवर गेले, थट्टा करायला. अर्ध्या तासात खाली आले आणि हेल्मेट घेऊन वर गेले. बसवणाऱ्यांनी कठड्यावर चढताना दोरी बांधली नव्हती. त्यानंतर गच्चीचा ताबा बाबांकडे गेला. दोरी बांधल्याशिवाय काम नाही, पाना खाली ठेवताना हाक द्यायची, जेवायला खाली उतरताना सांगून उतरायचं. त्यातला एक जण लातूरकडचा होता. तो मला जिन्यात हळूच म्हणाला, “ताई, तुमच्या वडलाला कंपनीनं पाठवलंय का ओ?”

पॅनेल लागली, उंच सांगाड्यावर, खाली आईच्या कुरडयांना जागा राहील अशी. बाबांनी त्यांना मान्यता दिली नाही. “हलत नाही, आवाज करत नाही, तेल मागत नाही. हे यंत्र म्हणायचं तरी कसं?” ढग आले की खुशीत येऊन म्हणायचे, “तुमचा सूर्य आज रजेवर.” पण बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग काचेवर बसतात, हे त्यांच्याच लक्षात आलं. टाकीत नळाचं पाणी वेगळं साठवून एक दिवसाआड सकाळी काचा पुसायला लागले तेही तेच. ऑन असोत की ऑफ. मोबाइलवर दिवसभरात किती वीज तयार झाली त्याची रेघ दिसते, ती मी उघडायच्या आधी त्यांनी बघितलेली असायची. हे दिसत असूनही मला काही समजलं नाही. मी अजून माझ्या मुद्द्यांच्या धुंदीत होते.

तब्येतीची तपासणी बाबा पास झाले. डांगरीचं बटण लागायला लागलं. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी निघायचं ठरलं.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी खंडेनवमी. आमच्या या पट्ट्यात तो खरा मोठा सण. चाकणच्या कारखान्यांत त्या दिवशी कोट्यवधींच्या मशिनींना झेंडूची माळ घालतात, संगणकावर चालणाऱ्या लेथवर हळदीकुंकवाचं स्वस्तिक काढतात आणि परदेशी साहेबाच्या हातून नारळ फोडून घेतात. मी पेढ्यांचा पुडा घेऊन घरी आले तेव्हा आमच्याकडेही पूजा मांडलेली होती. आईची विळी, शिलाई मशिन, मिक्सर, माझी पेट्रोलची स्कूटर, बाबांचं हेल्मेट आणि मोठा पाना. पॅनेलांची पूजा करायला बाबांनी साफ नकार दिला. “यंत्र असल्याचं सिद्ध करा, मग हार घालतो.” मी वाद घालणार, तेवढ्यात आई म्हणाली, “तुमी बसा. मी करते वरची पूजा.” आणि ताट घेऊन जिना चढली. बराच वेळ खाली आली नाही.

दसऱ्याला मोबाइलवरची रेघ निम्म्यावर आली होती. मला वाटलं, ढग असतील. बाबा त्या दिवशी बॅग भरण्यात गुंतले होते. त्यांनी रेघ बघितली की नाही, माहीत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आईने त्यांच्या हातावर दही घातलं. बाबांनी ते चाटलं, बॅग उचलली, “येतो” म्हणाले. मी त्यांना निगडीपर्यंत सोडणार होते, तिथून मुंबईची गाडी. मी स्कूटर सुरू करून फाटकात उभी होते. बाबा पायऱ्या उतरले, अंगणातून चालत आले, फाटकाच्या कडीला हात घातला.

“आवो.”

मी वळून बघितलं. आई उंबऱ्यात उभी होती. रंग उडालेला चेहरा, जणू दुसऱ्याच कुणीतरी तिच्या तोंडून बोललं होतं. मी आपोआप स्कूटर बंद केली. बाबा फाटकाला धरून पाठमोरे उभे राहिले. एवढ्या वर्षांत त्या पाठीला घरातून हाक आलेली नव्हती.

मग ते परत आले. पायरीवर बसले. आईने तांब्या पुढे केला, ते पाणी प्यायले. कायदा पाळला गेला. “काय?” त्यांनी विचारलं.

“वर काय बिघडलंय बघा. वीज कमी येतीया,” आई म्हणाली. “हिला काय कळतंय.”

घरातली इंजिनियर मी होते.

बाबा वर गेले. आम्ही दोघी खाली थांबलो. आई पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती आणि सोडत होती. ते खाली आले तेव्हा त्यांचे दोन्ही हात मनगटापर्यंत केशरी झाले होते. मी धावत वर जाऊन बघून आले. आईने एकूण एक पॅनेलला शेंदूर फासला होता. हळदीकुंकवाचं बोट नव्हे. तिच्या वडिलांच्या बांधावरच्या म्हसोबाला लावतात तसा, तेलात कालवून, जाड थर. जिथे शेंदूर नव्हता तिथे झेंडूच्या माळा. सूर्याला आत शिरायला फट ठेवली नव्हती.

“शेंदूर?” बाबा म्हणाले. “काचेवर? आणि तेलात कालवून?”

“त्याबिगर चिकटत न्हाई,” आई म्हणाली.

बाबांनी हातांकडे बघितलं, मग तिच्याकडे. “थांब म्हणायचं होतं तर सरळ थांब म्हणायचंस.”

“कधी म्हनलं न्हाई,” ती म्हणाली. “आता तोंडातून येतच न्हाई. मनात म्हनलं, ह्यास्नी चढायला, पुसायला, वरडायला एक जागा हवी. म्हनून हे बसवून घेतलं. तरीबी निगालाच.”

म्हणजे पुढच्या पिढ्यांचा मुद्दा वगैरे काही नव्हतंच. दोन वर्षं मी धूर, समुद्र, वारा सगळं तिच्यासमोर मांडत होते, आणि त्या बाईने नवऱ्याला घरात ठेवायला गच्चीवर प्लॅटफॉर्म बांधून घेतला. मला हसू येत होतं आणि रडूही. दोन्ही जमेना, म्हणून मी स्कूटर उगाच स्टँडवर लावली आणि परत काढली.

नवीन क्षेत्रं उघडतील. बाबा गेले काय, न गेले काय. कुणाचा तरी नवरा “येतो” म्हणून निघेल आणि कुणीतरी दारात गप्प उभी राहील. आमचे गिअरबॉक्स घेतलेल्या पवनचक्क्या फिरत राहतील, आणि त्या गिअरबॉक्समध्ये तेल असतंच, हे बाबांनी मला शंभरदा सांगितलं आहे. त्यांचं खरं, माझंही खरं, हे आईचं वाक्य मला त्या दिवशी पटलं. पण पोहे गार होत होते, तेही खरं होतं.

बाबांनी अंगणातल्या नळावर हात धुवायचा प्रयत्न केला. शेंदूर निघेना. मग तसेच केशरी हात घेऊन त्यांनी मोबाइल काढला आणि कंत्राटदाराच्या माणसाला फोन लावला. आई आत ओट्याकडे गेली, पण भांडी घासायचा आवाज आला नाही.

“हां, बोलतोय,” बाबा म्हणाले. “नाही, गाडीत नाही, घरीच आहे. तब्येत बरी आहे. नाही हो, पैशाचा प्रश्न नाही. आता ड्युटीवर आहे, जागा सोडता येत नाही.” पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. बाबांनी स्वयंपाकघराच्या दाराकडे बघितलं. “रिलीव्हर नाही,” ते म्हणाले.

आतून आईचा आवाज आला, शांत, भाजीत मीठ किती म्हणून सांगावं तसा.

“आन् मिळायचाबी न्हाई.”